बालमृत्यू अन्वेषण : दोष कुणाचा, की कारण कोणते?

मागच्या वेळी आपण जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहिल्या. आज त्याच्या पुढची पायरी. एखादे मूल अचानक दगावले, त्याची नोंदही झाली. पुढे काय? त्या मृत्यूपासून शासन काही शिकते का?

उजनीच्या काठावरून सुरुवात करू. 21 मे 2024, संध्याकाळची वेळ. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक जण पोहत काठाला लागला, सहा जण गेले. त्यांत पाच वर्षांखालची दोन मुले होती. ही घटना आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल.

अशा वेळी पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते. हे आवश्यकच आहे. पण पोलिसांचा प्रश्न असतो : यात गुन्हा आहे का, कुणाचा हलगर्जीपणा आहे का? उत्तर 'नाही' आले की फाईल बंद. 'पाण्यात बुडून मृत्यू' हे तीन शब्द उरतात. खरं सांगायचं तर ते कारण नव्हे, तो शेवट आहे.

अन्वेषणाचा प्रश्न वेगळा असतो : पुढचे मूल कसे वाचेल? केंद्र सरकारने 2014 मध्ये बालमृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आहेत. आशाताई मृत्यूची खबर 24 तासांत देते. मग एएनएम, म्हणजे आपल्या नर्सताई, घरी जाऊन प्राथमिक माहिती घेतात. त्यांतल्या निवडक मृत्यूंची सविस्तर चौकशी होते. आईवडिलांना, घरच्यांना विचारून शेवटच्या तासांचा क्रम लावतात. त्याला शाब्दिक शवविच्छेदन म्हणतात. दवाखान्यात मूल गेले असेल तर तिथली कागदपत्रे तपासतात. हे सगळे तालुक्याहून जिल्हा समितीपुढे जाते. आणि एक नियम पक्का : कुणाला शिक्षा करण्यासाठी हे नाही. भीती असेल तर खरे कोण सांगणार?

आता हीच पद्धत पाण्याला लावून बघू. बोटीच्या बाबतीत प्रश्न असे होतील : वादळाचा इशारा धक्क्यापर्यंत पोचला होता का? बोट थांबवण्याचा अधिकार कुणाला होता? लहान मुलाच्या मापाचे लाइफ जॅकेट होते का? रस्त्याने वळसा घालण्याऐवजी कुटुंबाला बोटीने का जावे लागते? एक काठ सोलापूर जिल्ह्यात, दुसरा पुणे जिल्ह्यात. मग उत्तरेही दोन्ही जिल्ह्यांनी मिळून शोधायला हवीत.

बोट रोज उलटत नाही. पण पाणी रोज दाराशी असते. उन्हाळ्यात धरण उतरते, शेतकरी मोटारीपर्यंत पाणी आणायला पात्रात चाऱ्या खोदतात. काठ निसरडा, खोली कळत नाही. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. आई खुरपायला गेलेली, धाकटे मूल सात वर्षांच्या बहिणीच्या हवाली. अंगणवाडी दुपारी सुटते, आई येते दिवस मावळताना. मधले ते तास कुणाचे? 'आईचं लक्ष नव्हतं' असे आपण म्हणून टाकतो आणि विषय संपवतो. अन्वेषण तिथे थांबत नाही. ते विचारते, लक्ष ठेवायला दुसरे कोण होते?

हा प्रश्न जगभर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये सुमारे 3 लाख लोक बुडून मेले. त्यांत जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. बांगलादेशाने गावोगावी पाळणाघरे चालवली आणि थोड्या मोठ्या मुलांना पोहायला शिकवले, कारण मुले कोणत्या वेळी, घरापासून किती अंतरावर बुडतात हे तिथे आधी नीट तपासले गेले. उपाय चौकशीतून निघाला.

आपल्या पद्धतीतली मोठी उणीव वयाची आहे. सहा वर्षांचे मूल बुडाले तर ते या अन्वेषणात येत नाही, फक्त पोलिसांच्या नोंदीत राहते. इंग्लंडमध्ये 2008 पासून 18 वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या मृत्यूचा आढावा घेणे बंधनकारक आहे. आपल्याकडे निदान धरणकाठच्या तालुक्यांत तरी शाळकरी मुलांचे बुडणे याच समितीपुढे यायला काय हरकत आहे?

तोवर गावाच्या हातात काय आहे? ग्रामसभा. वर्षभरात गावात कोणते मूल कुठे, किती वाजता, कशामुळे पाण्यात गेले, कोण थोडक्यात वाचले, हे आशाताई, अंगणवाडीताई, पोलीस पाटील यांनी एकत्र बसून लिहावे. नाव नको, दोष नको; जागा, वेळ आणि कारण पुरे. तीन नोंदी एकाच चारीच्या असतील, तर कुंपण कुठे घालायचे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

गेलेले मूल परत येत नाही. पण त्याच्या मृत्यूची नीट चौकशी केली, तर त्याच वाटेवरचे दुसरे मूल थांबवता येते. पुढच्या वेळी आपण नवजात बालकांच्या मृत्यूंकडे वळू.