दिल्लीत स्वस्तात कार घेऊन ती चालवत महाराष्ट्रात आणायचीय? मग आधी हे गणित समजून घ्या

सोशल मीडियावर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. दिल्लीतलं एखादं मार्केट, ओळीनं लावलेल्या चकचकीत गाड्या आणि कॅमेऱ्यासमोर किंमत सांगणारा डीलर. तीच गाडी पुण्यात किंवा नाशिकमध्ये घ्यायला गेलं तर बरेच जास्त पैसे मोजावे लागतात. मग मित्रांच्या ग्रुपवर प्लॅन ठरतो. ट्रेननं दिल्लीला जायचं, गाडी घ्यायची आणि दोन-तीन दिवसांत चालवत घरी आणायची.

प्लॅन वाईट नाही. दरवर्षी अनेक जण अशा गाड्या आणतात आणि वर्षानुवर्षं वापरतात. पण काहींची गाडी घरापर्यंत येते आणि नंतर सोसायटीच्या पार्किंगमध्येच अडकून पडते. तिची इथे नोंदणी होत नाही आणि ती धड विकताही येत नाही. दोघांच्या अनुभवात हा फरक का पडतो?

दिल्लीत गाड्या स्वस्त का मिळतात?

प्रदूषणामुळे राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दिल्ली-एनसीआरच्या रस्त्यांवर १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल आणि १५ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्या चालवायला मनाई केली. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हा आदेश कायम ठेवला.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टानं अशा गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असं सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं. नियम असे बदलत राहिल्यामुळे दिल्लीतल्या मालकांच्या मनात धाकधूक असते आणि 'मुदत संपायच्या आत विकून टाकू' असा विचार होतो.

महाराष्ट्रात डिझेल गाडीला १० वर्षांची ही अट नाही. खासगी कारची नोंदणी साधारण १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर फिटनेस तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवून घेता येते. म्हणजे दिल्लीत नऊ वर्षं वापरलेली डिझेल कार इकडे अजून काही वर्षं रीतसर चालू शकते. स्वस्ताईचं मुख्य कारण हेच आहे.

पैसे दिले, चावी मिळाली. मग गाडी आपली झाली ना?

व्यवहारात झाली, आरसीवर नाही. मोटार वाहन कायद्यानुसार ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो मालक. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर आलेल्या एका प्रकरणात कार एकामागोमाग अनेकांना विकली गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं होतं. त्या कारचा अपघात झाला, तेव्हा भरपाईची जबाबदारी कोर्टानं या नोंदणीकृत मालकावर टाकली.

म्हणून जाणकार विक्रेता स्वतःच कागदपत्रांची घाई करतो. 'आधी गाडी घेऊन जा, पेपर नंतर कुरिअर करतो' असं कोणी म्हणत असेल, तर तिथंच थांबायला हवं.

कोणते कागद लागतात?

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे एनओसी. ज्या आरटीओत गाडीची नोंदणी आहे, त्यांनी दिलेलं हे ना-हरकत प्रमाणपत्र. त्यासाठी फॉर्म २८ भरावा लागतो. चलन थकलेलं असेल, कर बाकी असेल किंवा कर्जाचा बोजा उतरवलेला नसेल तर एनओसी अडकते. कर्ज फिटलं असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म ३५ लागतो. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या लागतात. त्या दिल्लीत असतानाच घेतलेल्या बऱ्या, कारण एका सहीसाठी पुन्हा दिल्ली गाठणं परवडत नाही.

एनओसीवर कोणत्या आरटीओसाठी आहे ते लिहिलेलं असतं. त्यामुळे दिल्लीचं तिकीट काढण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन तीन प्रश्न विचारायचे. या वयाची आणि या बीएस श्रेणीची गाडी इथे नोंदवता येईल का? कर किती लागेल? कोणते कागद आणावे लागतील?

महाराष्ट्रात नोंदणी करताना इथला एकरकमी कर भरावा लागतो. गाडीच्या वयानुसार तो कमी होत जातो. तरीही हा आकडा न धरता केलेला हिशोब पुढे हमखास चुकतो.

'१२ महिने दिल्लीच्या नंबरवर चालते' हे खरं आहे का?

अर्धंच खरं आहे. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची असेल तर नवीन नंबर घ्यावा लागतो, हा एक नियम. गाडी विकत घेतल्यावर मालकी बदलासाठी ३० दिवसांत कळवायचं, हा दुसरा. पहिल्या नियमाच्या भरवशावर दुसरा विसरला जातो आणि घोळ तिथेच होतो.

इन्शुरन्सचं काय?

गाडी विकली की थर्ड पार्टी विमा कायद्यानं नव्या मालकाकडे आला असं मानलं जातं. म्हणजे वाटेत समोरच्याचं नुकसान झालं तर त्यासाठी संरक्षण असतं. पण आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर असं आपोआप येत नाही. पॉलिसी नावावर करण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. त्याआधी वाटेत गाडी ठोकली तर दुरुस्तीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

नो क्लेम बोनससुद्धा जुन्या मालकाचा असतो. तो गाडीसोबत येत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. निघायच्या आधी विमा कंपनीशी बोलून घेणं म्हणूनच गरजेचं आहे.

गाडी कशी तपासायची?

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि कर्जाची नोंद दिसते. चॅसी नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघायचा. मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवण्यापेक्षा सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी मिळवायच्या. जुलै २०२३ मध्ये यमुनेचं पाणी दिल्लीच्या अनेक भागांत शिरलं होतं. त्यामुळे कार्पेट उचलून, सीटच्या खालच्या पट्ट्यांना गंज आहे का आणि आत कुबट वास येतो का, हेही बघायला हवं.

टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली दिसत असली तरी जुनं रबर कडक होतं आणि तापलेल्या हायवेवर फुटण्याचा धोका वाढतो.

रस्त्यात काय होऊ शकतं?

दिल्लीहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई करत पुणे, सातारा, कोल्हापूरकडे जातो. पुण्यापर्यंतचं अंतर साधारण १,४०० ते १,५०० किलोमीटर. शहरात रोज १०-१५ किलोमीटर फिरलेल्या जुन्या गाडीसाठी ही मोठी परीक्षा असते. रोजच्या वापरात न दिसणारे दोष तासन्‌तास सलग चालवल्यावर बाहेर येतात. रेडिएटरचा जुना पाइप, सैल झालेला फॅन बेल्ट, थकलेली बॅटरी अशा गोष्टी तेव्हाच दगा देतात.

म्हणून गाडी घेतल्या घेतल्या हायवेला लावायची नाही. आधी दिल्लीतच मेकॅनिककडून ऑइल, कूलंट, ब्रेक, बेल्ट आणि टायर बघून घ्यायचे. मग ५०-१०० किलोमीटरची चक्कर मारायची. काही बिघडायचंच असेल तर ते गॅरेज जवळ असताना बिघडलेलं बरं.

वाटेत तापमानाचा काटा वर जायला लागला तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्यायची. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर येतं. मुंबईहून पुण्याकडे येताना बोरघाटाची चढण लागते. दमलेला ड्रायव्हर आणि तापलेलं इंजिन, दोघांचा कस तिथे लागतो. त्यामुळे घर जवळ आलं म्हणून रात्री रेटत येण्यापेक्षा मुक्काम केलेला चांगला. राष्ट्रीय महामार्गावर मदत लागली तर १०३३ हा हेल्पलाइन नंबर आहे.

जुना फास्टॅग मालकाला बंद करायला सांगून स्वतःचा घ्यायचा. टॅग नसेल तर टोलवर यूपीआयनं सव्वापट पैसे जातात.

मग हा व्यवहार परवडतो का?

गाडीच्या किमतीत प्रवास, मेकॅनिक, टायर, इंधन, टोल, विमा, इथला कर आणि आरटीओचे हेलपाटे मिळवायचे. एवढं करूनही आपल्या शहरातल्या तशाच गाडीपेक्षा बऱ्यापैकी पैसे वाचत असतील तर परवडतो. दहा-वीस हजारच वाचणार असतील तर घराजवळची, ओळखीच्या मेकॅनिकनं तपासलेली गाडी घेतलेली बरी.

आणि क्रम चुकवायचा नाही. आधी आपल्या आरटीओत चौकशी, मग गाडीची तपासणी, मग थोडं टोकन. एनओसी हातात आल्यावर उरलेले पैसे द्यायचे. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेल्या पत्रावर दोघांच्या सह्या घ्यायच्या, म्हणजे आधीचं चलन कोणाचं आणि नंतरचं कोणाचं यावरून वाद होत नाही. एवढं झालं की मगच चावी फिरवायची आणि घरच्यांना फोन करून सांगायचं, 'निघालो.'