भाषेचे मागणीपत्र

कचेरीची भाषा एक आणि घरची भाषा दुसरी, हा अनुभव मराठवाड्याला नवा नाही. १९४८ पर्यंत निजामी अमलात येथला सरकारी कारभार उर्दूत चाले. मराठी शेतकरी कागद वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जाई. आज कचेरी मोबाईलमध्ये आली आहे. भविष्य निर्वाह निधीचा हिशेब, विम्याचा अर्ज, सारे संकेतस्थळांवर असते. ते पान कोणत्या भाषेत उघडावे हे कसे ठरते, हे कष्टकरी माणसाने समजून घ्यावयास हवे.

आपण एखादे पान मागितले, की आपला ब्राउझर दूरच्या सर्व्हरकडे विनंती धाडतो. तिच्या माथ्यावर काही ओळी असतात. त्यांना हेडर म्हणतात. त्यांतील एकीचे नाव ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’. १९९७ च्या एचटीटीपी १.१ नियमावलीत तिचे नियम दिले आहेत आणि २०२२ च्या नियमावलीतही ती कायम आहे.

मी तिला भाषेचे मागणीपत्र म्हणतो. मराठीची खूण ‘एमआर’, हिंदीची ‘एचआय’, उर्दूची ‘यूआर’. प्रत्येकीपुढे शून्य ते एक यांमधील वजन लिहिता येते. मराठीपुढे काहीच लिहिले नाही तर पूर्ण एक, हिंदीपुढे ०.८, इंग्रजीपुढे ०.५. म्हणजे मराठी असेल तर तीच द्या, नसेल तर हिंदी, तीही नसेल तर इंग्रजी. शून्य वजन म्हणजे ती भाषा नकोच. सर्व्हर ही यादी आपल्याजवळच्या पानांशी ताडून पाहतो आणि निवडलेल्या पानावर ‘कंटेंट-लँग्वेज’ असा भाषेचा शिक्का मारू शकतो. शिवाय हे उत्तर भाषेप्रमाणे बदलते, अशी ‘व्हेरी’ नावाची सूचना जोडावयाची असते. ती राहिली, तर वाटेत साठवलेले मराठी पान उर्दू वाचकाच्या हाती पडावयाचे.

परंतु मागणीपत्र दिले म्हणजे मागणी मान्य झाली असे नव्हे, हे आपणां कामगारांना कोणी शिकवावयास नको. सर्व्हरवर बंधन नाही. मराठी पानच तयार नसेल तर यादी काय करील? काही संकेतस्थळे यादी पाहतच नाहीत. विनंती कोणत्या प्रदेशातून आली यावरून भाषा ठरवितात. आमच्या शहरात मराठी, उर्दू आणि हिंदी बोलणारी घरे शेजारी शेजारी आहेत. गावावरून माणसाची भाषा कशी कळावी?

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या १०८ व्या कलमाने सूचनाफलक इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याचा दंडक घातला होता. तो मोलाचा होता. पण बहुसंख्यांत न बसणारा कामगार फलकापुढे मुकाच राही. हेडरमध्ये मात्र प्रत्येकाची मागणी वेगळी मांडता येते. हीच त्याची थोरवी.

अडचण अशी, की ही यादी बहुधा आपण लिहीतच नाही. फोन दुकानातून इंग्रजीत मांडून आला, की आपल्या नावाने इंग्रजीची मागणी जाऊ लागते. मग मराठीला मागणीच नाही, असे म्हणावयास पलीकडचा मोकळा!

म्हणून फोनच्या व ब्राउझरच्या सेटिंगमधील भाषांच्या यादीत आपली भाषा सर्वांत वर न्यावी. आणि संकेतस्थळे चालविणाऱ्यांनी भाषा बदलण्याचे बटण पानावर ठळक ठेवावे. कारण पुष्कळांना अर्ज दुसऱ्याच्या यंत्रावर भरावा लागतो, आणि त्या यंत्राची यादी त्यांची नसते.