वाळवंटातली वीण

‘वायू’ हे नाव ऐकून आपल्याला वाऱ्याची आठवण व्हावी हे साहजिकच आहे; पण त्या लोकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘माणूस’ असा आहे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला ग्वाहीरा नावाचा रखरखीत द्वीपकल्प आहे. कोलंबिया आणि व्हेनेझुएला या दोन देशांत तो विभागला गेला आहे. तिथल्या वायू स्त्रिया विणतात त्या गोल बुडाच्या, रंगीबेरंगी पिशव्या ‘मोचिला’ या स्पॅनिश नावाने जगभर विकल्या जातात.

या लोकांत कूळ आईकडून चालते, आणि विणण्याची विद्याही. मुलगी वयात आली की तिला काही काळ एकांतात ठेवतात व वडीलधाऱ्या बायका तिला विणकाम शिकवतात. आद्य गुरू मात्र वालेकेरू नावाची कोळीण. मासे विकणारी नव्हे, जाळे विणणारी! तिच्याकडूनच ही वीण माणसांकडे आली, अशी त्यांची कथा आहे.

पिशवीवरच्या आकृत्यांना ‘कानास’ म्हणतात. त्यांत प्रेम, भाग्य असे काहीतरी गूढ दडले असेल, अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात नावे कशी आहेत पाहा: ‘मोलोकोनोउताया’ म्हणजे कासवाच्या पाठीसारखे, ‘पासातालोउया’ म्हणजे गाईच्या आतड्यांसारखे, तर ‘सिवोत्तोउया’ म्हणजे पाय बांधलेल्या घोड्याने वाळूत उमटवलेल्या ठशांसारखे. मी पडलो भाषेचा मास्तर. मला या अस्सल उपमा वाटतात. रोजचे जग डोळे उघडे ठेवून पाहिल्याशिवाय अशी उपमा सुचत नाही.

आणखी एक गंमत. कानास मुळात मागावरचे. क्रोशाची सुई या बायकांना विसाव्या शतकात कॅपुचिन मिशनऱ्यांकडून मिळाली, असे मानतात. म्हणजे आपल्या आजीच्या क्रोशाच्या रुमालाची आणि या पिशवीची सुई एकाच जातीची! सुई उसनी, नक्षी मात्र घरची.

प्रश्न आहे तो मोलाचा. चांगली पिशवी विणायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. २०११ साली कोलंबियाने ‘वायू विणकाम’ या नावाला कायद्याचे संरक्षण दिले. पण कायदा नाव राखतो, घासाघीस थांबवीत नाही. श्रमाचे दाम हाती पडले नाहीत, तर उद्या एखादी मुलगी आजीजवळ बसून घोड्याचा ठसा कशाला शिकेल? वाचकहो, हाताने विणलेली कुठलीही वस्तू घेताना, ‘थोडे कमी करा’ असे म्हणण्याआधी तिला किती दिवस लागले, एवढे तरी विचारून पाहा.