वर्णीय मातांची परिषद



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अलीकडे वर्णीय मातांच्या परिषदा जागोजाग भरतात. ‘वर्णीय’ हा शब्द तिकडे गोऱ्यांखेरीज इतर सर्वांस लावितात. त्यात आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया येतात, तेथील मूळ जमातींच्या येतात, मेक्सिकोकडून आलेल्या येतात, आणि पुण्यामुंबईहून जाऊन न्यू जर्सीत संसार थाटलेल्या आपल्या लेकीसुनाही येतात. अशा परिषदेस आपल्याच घरातली मुलगी जाऊन आली असे कळले म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य पहिला प्रश्न हा करतो की, मातांची परिषद समजते. परंतु तीत वर्ण कशास? आईला का रंग असतो? प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर मात्र तर्काने देता येत नाही, इतिहासाने द्यावे लागते. आणि तो इतिहास मुख्यत्वेकरून आफ्रिकी वंशाच्या मातांचा असल्यामुळे आज त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

व्हर्जिनिया वसाहतीत १६६२ साली एक कायदा झाला. मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईच्या स्थितीवरून ठरावे, असे त्यात होते. एरवी इंग्रजी रिवाजाप्रमाणे मूल बापाच्या कुळावर जावयाचे; येथे मात्र हेतुपुरस्सर उलट केले. अर्थात गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेले मूल जन्मतःच धन्याची मालमत्ता झाले. ते विकता येई, गहाण टाकता येई. आईस त्याबद्दल हूं की चूं करण्याचा अधिकार नव्हता. ही स्थिती १८६५ पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षे टिकली. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक ज्यांना अर्पण केले, ते अमेरिकेतील सदाचारी लोक ही प्रथा मोडण्याकरिता झटलेले होते, हे आपणांस ठाऊकच आहे. प्रथा मोडली, परंतु जिचे मूल काल बाजारात उभे केले जाई, ती स्त्री आज इतर आयांच्या पंक्तीस बसण्यास योग्य आहे, असे गोऱ्या समाजास वाटू लागले नाही.

१८९५ साली मिसूरी प्रांतातील एका गोऱ्या संपादकाने पत्र लिहून कृष्णवर्णीय स्त्रियांच्या शीलावर सरसकट चिखलफेक केली. हा गृहस्थ त्या प्रांताच्या वृत्तपत्रसंघाचा अध्यक्ष होता. बोस्टन शहरी जोसेफिन सेंट पिअर रफिन या बाई स्त्रियांकरिता एक नियतकालिक चालवीत. त्यांनी त्या पत्राला पत्राने उत्तर देत न बसता देशभरच्या आपल्या भगिनींस बोलावणे धाडले, आणि जुलै १८९५ मध्ये बोस्टनला परिषद भरविली. पुढच्याच वर्षी जुलै १८९६ मध्ये वॉशिंग्टन येथे निरनिराळे संघ एकत्र होऊन कृष्णवर्णीय स्त्रियांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला.

या दुसऱ्या परिषदेचा मुहूर्त पाहण्यासारखा आहे. त्याच सालच्या १८ मे रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात निकाल दिला की, आगगाडीत काळ्यांचे व गोऱ्यांचे डबे वेगळे ठेवणे घटनेविरुद्ध नाही. सोय सारखी असली म्हणजे झाले. सोय सारखी कधीच नव्हती, हे सांगावयास नको. दक्षिणेकडच्या प्रतिनिधी दोन महिन्यांनी परिषदेस आल्या त्या त्याच वेगळ्या डब्यांतून. त्यांना ‘तुम्ही वेगळ्या का बसता’ असे विचारणे म्हणजे वाळीत टाकलेल्यास ‘गावजेवणास का आला नाहीस’ असे विचारण्यापैकीच होय.

त्या सभेतील एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. आयडा वेल्स या निर्भय वृत्तपत्रकार बाई आपल्या चार महिन्यांच्या मुलास घेऊन आल्या होत्या. हॅरिएट टबमन याही तेथे होत्या. स्वतः गुलामीतून निसटून, पुन्हा पुन्हा परत जाऊन ज्यांनी अनेकांस रातोरात सोडवून आणले, त्याच या टबमन. सभेत सर्वांत वयोवृद्ध त्याच. या वृद्धेने सर्वांत लहान असे ते बाळ उचलून सभेस दाखविले. वेल्सबाईंचा जन्म गुलामीतच झालेला. बाळ मात्र स्वतंत्र आईचे होते. त्या सभागृहातील किती जणींच्या आयांची मुले त्यांच्या मांडीवरून काढून नेली गेली असतील, याचा विचार केला म्हणजे या साध्या कृतीचा अर्थ उलगडतो.

संघाच्या पहिल्या अध्यक्षा मेरी चर्च टेरेल. यांचे आईबाप गुलामीत जन्मलेले. स्वतः टेरेलबाई ओबर्लिन कॉलेजच्या पदवीधर. १८९२ साली मेंफिस येथे टॉमस मॉस नावाच्या वाणसौदा विकणाऱ्या होतकरू गृहस्थास गोऱ्या जमावाने तुरुंगातून ओढून ठार केले. हा मॉस टेरेलबाईंचा बालमित्र होता, आणि त्याच्या मुलीची धर्ममाता आयडा वेल्स होत्या. टेरेलबाई त्या वेळी गरोदर होत्या. विवाहानंतरच्या पाच वर्षांत त्यांची तीन अपत्ये जन्मल्यावर काही दिवसांतच गेली. इस्पितळात नीट साधने असती तर त्यांतले एक तरी वाचले असते, हा विचार त्यांना पुढे कित्येक वर्षे छळीत राहिला. एरवी पदवी, प्रतिष्ठा, सुखवस्तू घर, सर्व काही त्यांच्यापाशी होते.

हे वाचताना आपल्या आनंदीबाई जोशी आठवल्यावाचून राहात नाहीत. त्यांचेही मूल दहा दिवसांचे होऊन गेले, आणि त्या दुःखातूनच त्या १८८३ साली समुद्रापार गेल्या. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, तेथूनच १८६७ साली रिबेका कोल ही कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. कोलबाई न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत घरोघर जाऊन आयांना बाळाची निगा व आरोग्याचे नियम शिकवीत. मूल गमावलेल्या आईने शोक गिळून इतरांची मुले जगविण्यास लागावे, हे दोन्ही देशांत घडले आहे. टेरेलबाईंनीही १८९७ साली अध्यक्षीय भाषणात आपल्या भगिनींपुढे जे काम ठेविले ते बालवाड्यांचे, कामकरी आयांच्या मुलांकरिता पाळणाघरांचे, आणि मातांच्या सभांचे.

मी शाळामास्तर, त्यामुळे या इतिहासात माझे मन सर्वांत अधिक रमते ते अटलांटा शहरी. तेथे सेलिना स्लोन बटलर या डॉक्टरांच्या पत्नी राहात. मुलगा शिकण्याच्या वयास आला, तर वस्तीत कृष्णवर्णीय मुलांकरिता बालवाडीच नाही. बाईंनी आपल्याच दिवाणखान्यात बालवाडी मांडली व शेजारची मुले गोळा केली. मुलगा पुढे यंग स्ट्रीट शाळेत जाऊ लागला, तेव्हा १९११ साली त्यांनी तेथे पालकांचा व शिक्षकांचा संघ काढिला. गोऱ्या मातांची राष्ट्रीय परिषद वॉशिंग्टनला १८९७ सालीच सुरू झाली होती. परंतु दक्षिणेत शाळाच कायद्याने विभागलेल्या, तेव्हा पालकसभा एक कोठून होणार? म्हणून ७ मे १९२६ रोजी बटलरबाईंनी कृष्णवर्णीय पालक-शिक्षकांची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापिली. पुढे त्यांना राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी बालकांच्या आरोग्याविषयीच्या परिषदेवरही नेमिले.

शहराची स्थिती कशी होती, हे एका गोष्टीवरून ध्यानात येईल. १९२४ पर्यंत अटलांट्यात कृष्णवर्णीय मुलांकरिता एकही सार्वजनिक हायस्कूल नव्हते. कर मात्र त्यांचे आईबाप भरीतच होते. अशा ठिकाणी पालकसंघ म्हणजे चहापानाचा समारंभ नव्हे. जे सरकारने पुरवावयाचे, त्यासाठी आयांनीच पैपैसा जमवावयाचा असा तो प्रकार होता. मी पस्तीस वर्षे शिकविले. आमच्या पालकसभेस बापमंडळी सबबी सांगत, आणि आया येत त्या दाराशी पदर सावरून उभ्या राहात. खुर्चीवर बसा म्हटले तरी बसत नसत. सभेत आपले म्हणणे कोणी मोजणारच नाही असा अनुभव असला म्हणजे माणूस दाराशी उभे राहते. वेगळ्या परिषदेचे मर्म मला येथे सापडते. तेथे सर्वच जणी आपल्यासारख्या असल्यामुळे दाराशी कोणी राहात नाही.

१९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने विभक्त शाळा बेकायदा ठरविल्या, आणि १९७० साली त्या दोन्ही पालकसंस्था एक झाल्या. बटलरबाई हे पाहावयास नव्हत्या. त्या १९६४ साली निवर्तल्या. आज त्या एकत्रित संस्थेच्या संस्थापिकांत त्यांचेही नाव घेतात.

या चळवळीत उणे काही नव्हते असे नाही. राष्ट्रीय संघाचे ब्रीद असे की, आपण चढता चढता इतरांस वर घ्यावे. ब्रीद उदात्त आहे. तथापि वर असलेलीने खाली असलेलीस शिकवावयाचे, हा भाव त्यात डोकावतोच. धुणे धुऊन पोट भरणाऱ्या आईस स्वच्छतेवर व्याख्यान ऐकविण्यापूर्वी तिच्या आळीत पाण्याचा नळ आहे की नाही, हे पाहावयास हवे. आपल्याकडील समाजसुधारकांसही हा मोह आवरला नाही. हल्लीच्या परिषदांत पुष्कळ ठिकाणी क्रम बदललेला दिसतो. आधी आई बोलते, तज्ज्ञ मागाहून. हा बदल मला पसंत आहे.

आता कोणी म्हणेल की, डबे एक झाले, शाळा एक झाल्या, मग परिषदा वेगळ्या कशास? याला आकडेच उत्तर देतात. अमेरिकन सरकारच्या नोंदीप्रमाणे २०२३ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे गरोदरपणात वा बाळंतपणाने दगावलेल्या गोऱ्या माता १४.५, आणि कृष्णवर्णीय माता ५०.३, म्हणजे तिपटीहून अधिक. केवळ दारिद्र्याने हा फरक उलगडत नाही, कारण शिकलेल्या, मिळवत्या कृष्णवर्णीय स्त्रियांतही तो दिसतो. सेरेना विल्यम्स ही जगद्विख्यात टेनिसपटू २०१७ साली बाळंत झाली. श्वास लागताच तिने ओळखले की फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असावी. तिला पूर्वी हा विकार झालेला होता. परिचारिकेस वाटले, औषधाच्या गुंगीत ही काहीतरी बोलते आहे. सेरेनाने हट्टच धरला, तपासणी झाली, आणि गुठळ्या निघाल्या. हट्ट धरण्याइतके बळ व नाव किती बाळंतिणींपाशी असते?

तेव्हा या परिषदांत काय चालते, तर हेच. कोणती लक्षणे दिसली असता वाट न पाहता इस्पितळ गाठावे, डॉक्टरांस प्रश्न कसा विचारावा, उत्तर न मिळाल्यास पुन्हा कसा विचारावा, सोबत कोणास न्यावे, हे आया एकमेकींस सांगतात. २०१८ पासून ११ ते १७ एप्रिल हा आठवडा कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्याकरिता पाळतात. तोही अशाच संघटित स्त्रियांच्या पुढाकाराने सुरू झाला. २०२० साली सरकारी आरोग्यखात्यानेच एक मोहीम काढिली. तिच्या नावाचा अर्थ ‘तिचे ऐका’ एवढाच. बाळंतपणात धीर देणारी, तिच्या वतीने बोलणारी, शिकलेली सोबतीण ठेवण्याची चाल वाढत आहे. तिला तिकडे डूला म्हणतात. ती सुईण नव्हे, औषध देत नाही. आपल्याकडे माहेरची जाणती बाई उशाशी बसे, तिच्यासारखी समजा. न्यू जर्सी संस्थानात २०२१ पासून गरीब मातांकरिता या सोबतिणीचे वेतन सरकारी आरोग्ययोजनेतून दिले जाते.