लिलावातील अबोला

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मागणी-पुरवठ्याच्या रेषा मुकाट्याने परस्परांना छेदतात. मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव ऐकणाऱ्यास मात्र किंमत आवाजातच घडताना दिसते. सुरमईची बोली चढू लागली की किरकोळ विक्री करणारी बाई आधी हळू बोलते, मग गप्प होते; तिच्या मागून ठोक व्यापाऱ्याचा स्वर पुढे सरकतो. ही माघार कोणत्याही नोंदवहीत उतरत नाही.

कॅनडात मरे शेफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हँकुव्हर शहराचे ध्वनिचित्र १९७३ साली प्रसिद्ध केले. आज दोन्ही कानांपाशी सूक्ष्म ध्वनिग्राहक लावून बाजारातून फिरले, तर हेडफोनवर ऐकणाऱ्यास कोणता आवाज डावीकडून आला, कोणता दूर गेला, हेही उमगते. आमच्या महाविद्यालयांनी मालवणात अशी ध्वनिफेरी अवश्य करावी. समुद्राची गाज आणि कावळ्यांचा कलकलाट टिपणे सोपे आहे. पर्यटक तेवढ्यावर खूशही होईल! खरे मुद्रण बोलीच्या कोंडाळ्यात उभे राहूनच व्हावयास हवे, आणि तेही त्या बाईस विचारून. तिची ऐपत कोठे संपते हे व्यापाऱ्याने निवांत ऐकले, तर पुढल्या लिलावात तिचीच कोंडी होईल. ती नको म्हणाली, तर तेवढा भाग गाळावा लागेल. आणि आम्हांस हवा आहे तो नेमका तोच.