‘येते, पण सांगता येत नाही’

तोंडी परीक्षेच्या दिवसांत जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतून एक वाक्य हमखास कानी पडते : ‘येते सर, पण सांगता येत नाही.’ हे वाक्य आळशी विद्यार्थ्याचेच असते असे समजण्याचे कारण नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत वाढलेला मुलगा भाव पडला म्हणजे घरात काय घडते, हे पुस्तकापेक्षा अधिक जाणतो. परंतु मागणी-पुरवठ्याचा प्रश्न विचारताच त्याची वाचा बसते. पुढे हाच मुलगा मुलाखतीत, ग्रामसभेत, कर्जाच्या अर्जासाठी बँकेत गप्प राहतो आणि त्या गप्प राहण्याची किंमत त्याच्याबरोबर त्याच्या गावालाही मोजावी लागते.

वक्तृत्व ही जन्मजात देणगी आहे, असे म्हणून हा प्रश्न नेहमी टाळला जातो. त्याचे उत्तर खुद्द धुळ्यातच मिळण्यासारखे आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या 18 अध्यायांवर 18 प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती तेथेच टिपून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ वाचकांच्या हाती आला. या प्रवचनांची सुबोधता म्हणजे आयत्या वेळची स्फूर्ती नव्हे. त्यापूर्वीच, 1930-31 मध्ये, विनोबांनी गीता मराठीत आणून ‘गीताई’ सिद्ध केली होती. जो विषय एकदा स्वतःच्या भाषेत मांडून झाला, त्याविषयी माणूस अडखळत नाही. शिवाय वार ठरलेला, विषयाची मर्यादा ठरलेली आणि समोर, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मुलांना शिकवून आलेला, शब्द टिपून घेणारा श्रोता!

ही शिस्त घरात आणणे कठीण नाही. सकाळी वर्तमानपत्रातील मजकूर दहा मिनिटे मोठ्याने वाचावा. वाक्य संपले की थांबावे. ‘म्हणजे, म्हणजे’ हे पालुपद थांबण्याच्या भीतीतूनच येते. तथापि हा झाला केवळ जिभेचा व्यायाम. खरे काम पुढेच आहे. कागद मिटून तोच मजकूर घरातील आजीला सांगावा. आजी मध्येच ‘म्हणजे काय रे?’ असे विचारील आणि सांगणाऱ्याचे न समजलेले नेमके तेथेच उघडे पडेल. ‘चलनवाढ’ हा शब्द उत्तरपत्रिकेत चालून जातो. आजीपुढे मात्र शंभर रुपयांत पूर्वीइतके तेल का येत नाही, हे सांगावे लागते.

हे सांगणे अहिराणीत झाले तरी बिघडत नाही. किंबहुना पहिल्यांदा ते अहिराणीतच व्हावे. ‘माझे’ऐवजी ‘मना’ तोंडून निघेल या धास्तीने कित्येक मुले तोंडच उघडीत नाहीत, आणि ही धास्ती पुष्कळदा शाळेतच रुजलेली असते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. घरकाम, शेतकाम करता करता त्यांनी बोलीत रचलेली गाणी 1952 साली पुस्तकरूपाने आली आणि 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्याच विद्यापीठाच्या वर्गांत कुणाच्या बोलीला हसू फुटावे, ही विसंगती विलक्षणच म्हटली पाहिजे. मुलाखतीत प्रमाण मराठी लागते, हे खरे. तेव्हा तोच मजकूर दुसऱ्यांदा प्रमाण भाषेत सांगावा. विचार पहिल्या खेपेस मोकळा झालेला असतो; दुसऱ्या खेपेस शब्द तेवढे बदलायचे असतात. टिपून घेणारे गुरुजी प्रत्येकाच्या घरी नसतात, पण मोबाइलवर स्वतःचा आवाज मुद्रित करून ऐकता येतो. पहिले चार दिवस तो ऐकवत नाही, एवढेच.

महाविद्यालये यासाठी काय करतात? वर्षातून एकदा वक्तृत्व स्पर्धा घेतात. तेथे ज्यांना आधीच बोलता येते ते चषक नेतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. वर्गात 60 विद्यार्थी असतील आणि तासाच्या आरंभी रोज दोघांना दोन-दोन मिनिटे दिली, तर 30 तासांत सर्वांची पाळी येऊन जाते. अभ्यासक्रम मागे पडेल ही तक्रार चार मिनिटांच्या या हिशेबापुढे टिकणारी नाही.