वाकळीची किंमत काय?

वाकळ विकत आणली, असं आमच्या घरात कधी कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. वाकळ शिवली जायची. आजीचं लुगडं विरलं, आजोबांचं धोतर फाटू लागलं, की ते स्वच्छ धुऊन माळ्यावरच्या गाठोड्यात जायचं. उन्हाळ्यात सुगी आटोपली, की ते गाठोडं खाली यायचं आणि शेजारच्या दोघी-तिघी सुई घेऊन अंगणात बसायच्या. पुण्या-मुंबईकडे जिला गोधडी म्हणतात, तीच आमच्या कराडकडची वाकळ. लेकीच्या बाळंतपणाला, मुलाच्या लग्नाला, पाहुण्याच्या अंथरुणाला ती हवीच. पण तिला किंमत असते, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

म्हणूनच २०२० साली टाळेबंदीत आम्ही गावी अडकलो असताना माझी लेक म्हणाली, "आई, आपण मावशीआजीच्या वाकळी ऑनलाइन विकूया," तेव्हा मी हसले. मावशीही हसली. "जुनेऱ्याचं कुणी पैसं देतंय व्हय?" असं म्हणून ती पुन्हा सुईत दोरा ओवू लागली.

लेकीनं मात्र मनावर घेतलं. पहिले फोटो तिनं घरात दिव्याच्या उजेडात काढले, तर आमसुली रंग चक्क काळा दिसू लागला. मग सकाळच्या उन्हात नव्हे, तर सावलीत, ओसरीवर वाकळ पसरून काढले. एक पूर्ण वाकळीचा, एक कोपऱ्याचा, एक उलट्या बाजूचा आणि एक मावशीच्या हातासह, म्हणजे टाका केवढा आहे ते कळावं. खाली लांबी-रुंदी, वजन, आत कसलं कापड आहे, धुवायची कशी, हे सगळं लिहिलं. दुकान म्हणजे काय, तर फोनच्या पडद्यावरची एक चौकट! पण आठव्या दिवशी त्या चौकटीतून बंगळुरूचं एक गिऱ्हाईक आलं आणि दुहेरी वाकळ अडीच हजारांना गेली. मावशीनं ती रक्कम दोनदा विचारून घेतली.

आनंद ओसरल्यावर मी वही घेऊन बसले. आयुष्यभर हिशेबाचीच नोकरी केलेली. सवय जात नाही. दोऱ्याची रिळं दीडशेची, वरच्या बाजूला लावलेलं नवं कापड दोनशेचं, बांधणीचे पन्नास, कुरिअरचे तीनशे आणि दुकान ज्या संकेतस्थळावर, त्यांचं शेकडा पंधरा कमिशन म्हणजे पावणेचारशे. एकूण एक हजार पंच्याहत्तर. हाती उरले चौदाशे पंचवीस. मावशीला विचारलं, "किती दिवस लागले गं?" महिनाभर, रोज चार तास, असं तिनं बोटांवर मोजून सांगितलं. म्हणजे एकशेवीस तास. तासाला बारा रुपयेही पडले नव्हते. त्याच गावात खुरपणीला गेलेल्या बाईला दिवसाचे तीनशे, म्हणजे तासाला पन्नासच्या आसपास मिळत होते!

मी हे सांगितलं, तर मावशी म्हणाली, "आगं, बसल्या बसल्या तर शिवतीया मी. त्याला कसलं आलंय मोल?"

हे वाक्य मी तेव्हापासून किती बायकांच्या तोंडून ऐकलं आहे! क्रोशाचे रुमाल विणणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, मण्यांची तोरणं करणाऱ्या, सगळ्याच जणी 'बसल्या बसल्या' करतात. पुरुषानं बसून केलेल्या कामाला कचेरी म्हणतात आणि बाईनं बसून केलेल्या कामाला विरंगुळा! ऑनलाइन दुकानानं आम्हाला पहिल्यांदा काही शिकवलं असेल, तर ते हे, की विक्रीची किंमत लिहायची चौकट रिकामी सोडता येत नाही. तिथे आकडा टाकावाच लागतो. आणि आकडा टाकायचा, तर तास मोजावे लागतात.

आम्ही तास मोजले. दुहेरी वाकळीची किंमत साडेसात हजार केली. खर्च आणि कमिशन वजा जाता तासाला सत्तेचाळीस रुपये पडू लागले. अर्थात तीन महिने एकही वाकळ विकली गेली नाही. या काळात आम्हाला जगवलं ते तान्ह्या बाळांच्या दुपट्यांनी. दुपटं पंचवीस तासांत होतं, हलकं असतं, बारशाच्या भेटीसाठी कोणीही घेतं. शिवाय कुरिअरचं एक गणित आम्हाला उशिरा कळलं. पार्सलचं वजन नुसतं काट्यावर मोजत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करतात आणि पाच हजारांनी भागतात. जो आकडा मोठा, त्याचे पैसे. आमची वाकळ भरायची अडीच किलो, पण चाळीस बाय पस्तीस बाय पंधराचं खोकं व्हायचं चार किलो दोनशे ग्रॅमचं! मग घडी घट्ट दाबून बांधायला आम्ही शिकलो. घरपोच पैसे देण्याची सोयही बंद केली. कारण दारात आलेलं पार्सल कोणी नाकारलं, की जाण्या-येण्याचं भाडं आमच्याच बोडक्यावर.

कागदपत्रांचंही तसंच. तेव्हा संकेतस्थळावरून माल विकायचा, तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटीची नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक मर्यादेखालच्या लहान विक्रेत्यांना राज्यातल्या राज्यात विकण्यासाठी त्यातून सूट मिळाली. नव्यानं सुरू करणाऱ्या भगिनींनी एवढी एक गोष्ट तरी जाणकाराला आधी विचारून घ्यावी.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. गिऱ्हाइकाला वाकळ हवी होती, पण जुनं कापड नको होतं! 'दुसऱ्याचं वापरलेलं' म्हणून लोक नाक मुरडायचे. त्यांना कसं सांगायचं, की वाकळीचा मऊपणा शेकडो धुण्यांतूनच येतो? कोऱ्या कापडाच्या पाच थरांतून सुई जात नाही आणि गेली तरी ते पांघरूण अंगाशी लगटत नाही. बंगालची कांथा घ्या, बिहारची सुजनी घ्या, उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदी घ्या, ही सारी विरलेल्या कपड्यांचीच लेकरं. कवंदीच्या चारी कोपऱ्यांना तर कापडाचे त्रिकोण एकावर एक रचून फुलं लावतात आणि त्यांच्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. शेवटी आम्ही लपवाछपवी न करता लिहून टाकलं, 'आतले थर जुन्या सुती साड्यांचे, उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेले.' काही गिऱ्हाइकं गेली. जी राहिली, ती मात्र परत परत आली. एका बाईंनी तर आपल्या गेलेल्या आईच्या सहा साड्या पाठवल्या आणि कळवलं, याचंच शिवून द्या. त्या साड्यांना कात्री लावण्यापूर्वी मावशीनं हात जोडले होते.

एकदा एक वाकळ परत आली. तक्रार अशी, की टाके एका रेषेत नाहीत, वस्तू सदोष आहे. मी घाबरले, लेक चिडली. मावशीनं वाकळ मांडीवर घेतली, डोळे मिटून बोटं फिरवली आणि म्हणाली, "ह्यो माझा टाका न्हाई. ह्यो शेजारच्या काकूचा. तिचा हात वर चढतोय." चौघींचे टाके तिला अक्षरासारखे ओळखू येत होते! त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक वाकळीच्या कोपऱ्याला एक लहान पट्टी लावू लागलो. तिच्यावर शिवणारीचं नाव आणि लागलेले तास. तक्रारी जवळजवळ थांबल्या. दोष वाटत होता ती सही आहे, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

वाचकांसाठी एक खूणही सांगून ठेवते. 'हातानं शिवलेली' म्हणून विकली जाणारी प्रत्येक गोधडी तशी नसते. टाक्याकडे नीट बघा. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा वर-खाली जातो, म्हणून दोन टाक्यांच्या मध्ये रिकामी जागा दिसते. यंत्राच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालच्या बॉबिनचा दोरा असे दोन असतात, म्हणून रेघ सलग दिसते आणि टाका टाक्याला चिकटून येतो. यंत्राची गोधडी वाईट असं नव्हे. पण तिची किंमत वेगळी हवी आणि तिचं नाव वेगळं हवं.

आमची परीक्षा झाली ती तिसऱ्या वर्षी. एका दुकानदारानं पन्नास वाकळी मागितल्या. सगळ्या एका मापाच्या, एकाच निळ्या रंगाच्या, दीड महिन्यात. "मशीन मारा की, कोण बघतंय?" असंही सुचवलं. रक्कम ऐकून आमच्या चौघी गप्प झाल्या. एकीच्या घराची कौलं बदलायची होती, दुसरीच्या नातवाची फी भरायची होती. नाही म्हणणं मला पुण्यात बसून सोपं होतं, त्यांना नव्हतं.

तेव्हा मी त्यांना अमेरिकेतल्या बायकांची गोष्ट सांगितली. अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीत गरीब कृष्णवर्णीय बायका कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, थंडीसाठी. १९६६ साली त्या भागात 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. १९७२ साली सीअर्स या बड्या कंपनीनं तिला उशांच्या अभ्र्यांचं काम दिलं. सगळे एका मापाचे, एका धाटणीचे. पैसे नियमित येऊ लागले, पण त्यात आपल्या मनाची रचना करायला वाव राहिला नाही. पुढे २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गोधड्या भिंतीवर टांगल्या गेल्या, त्या घरात पांघरण्यासाठी शिवलेल्या, कोणासारख्या नसलेल्या! आणि २०२१ पासून तिथल्या काही बायका एट्सी या संकेतस्थळावर स्वतःच्या नावानं स्वतःच्या गोधड्या विकू लागल्या. हे एट्सीही हातानं केलेल्या वस्तूंसाठीच २००५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झालेलं.

गोष्ट ऐकून मावशी म्हणाली, "म्हंजे त्यांनी बी आधी अभ्रं शिवली. पोट भरल्यावर मग नाव झालं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी मार्ग त्यांनीच काढला. पन्नास वाकळींऐवजी पन्नास दुपटी, दीडऐवजी तीन महिने, रंग निळाच पण रचना आपापली, आणि मशीन नाही. दुकानदारानं कुरकुरत मान्य केलं. कौलं बदलली. फी भरली. मला वाटत होतं, की कला आणि बाजार यांच्यात एकाची निवड करावी लागते. या बायकांनी घासाघीस केली!

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. चौघींपैकी एकीचे पैसे आम्ही फोनवरून पाठवायचो. एके दिवशी ती हळूच म्हणाली, "ताई, माझं पैसं तुमच्याजवळच ऱ्हाऊ द्या." चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. खातं तिच्या नावाचं, पण नंबर नवऱ्याच्या फोनचा. पैसे आले, की टुण्णकन वाजायचं त्याच्या खिशात आणि संध्याकाळपर्यंत ते संपलेले असायचे. दोन वर्षं बाई फुकट शिवत होती! आम्ही दोघी बँकेत गेलो, अर्ज भरून तिच्या स्वतःच्या साध्या फोनचा नंबर खात्याला जोडला. घरी दोन दिवस भांडण झालं म्हणे. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा सुई घेऊन ओसरीवर हजर होती. ऑनलाइन दुकान देशभर माल पोचवतं हे खरं. पण पैसा घरातल्या घरात बाईच्या हाती पोचवणं, हे काम माणसालाच करावं लागतं.

आता एक कबुली. सुरुवातीला नमुना म्हणून लेकीनं माझ्या आजीच्या वाकळीचा फोटो दुकानात लावला होता. आत इरकली लुगडी, कडेला खणाच्या पट्ट्या. गेल्या वर्षी एका संग्राहकानं तिच्यासाठी नऊ हजार देऊ केले. मी भावूक होऊन मावशीला फोन केला, तर ती म्हणाली, "दे की! तुझ्या कपाटात ती नुसती निजलीया. वाकळ पांघराया शिवत्यात, ठेवाया न्हाई." मी निरुत्तर झाले. इतकी वर्षं लोकांना टाक्याचं मोल शिकवणारी मी, आजीचे टाके डांबराच्या गोळ्यांत पुरून बसले होते.

मी ती विकली नाही. तेवढं धाडस झालं नाही. पण कपाटातून काढली आणि या थंडीत पांघरायला घेतली. एक कोपरा उसवला होता. गावी नेऊन मावशीपुढे ठेवला. तिनं चष्मा पुसला, बोटात अंगुस्तान घातलं, कोपरा उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "दोन तासांचं काम हाय. शंभर रुपयं हुतील."

मी तिथल्या तिथे दिले.